बार हलतो तेव्हा

विषयपत्रिकेवर तो चौदावा विषय होता. बाजारपेठेतल्या परमिट रूमची (म्हणजे बारची) अनुज्ञप्ती (परवाना) नव्या मालकाच्या नावे करणे व ती बंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतीत नेणे, याबाबत नगर परिषदेने आपले म्हणणे ठरवावे. आधीचे तेरा विषय अर्ध्या तासात उरकले. त्यात नळपाणी योजनेच्या वाढीव खर्चाचाही एक होता. चहाचे पेले सभागृहात पोचायच्या आत तो मंजूर झाला होता. चौदाव्याला सव्वादोन तास लागले. मागच्या बाकावर आम्ही सहासात नागरिक बसलो होतो, आणि एरवी सभेला पेंगणारी माणसंही त्या दिवशी ताठ बसून ऐकत होती.

बोलणं जोरात झालं. परशुरामाची भूमी निघाली, तरुण पिढी निघाली, आयाबहिणी निघाल्या. दुसऱ्या बाजूने पर्यटन निघालं, पोरांचे रोजगार निघाले, गोवा कुठच्या कुठे गेला आणि आपण कसे मागे राहिलो हेही निघालं. विरोधात बोलणाऱ्यांपैकी निदान तिघांना मी त्याच बारच्या आतल्या खोलीत पाहिलं आहे. त्यांनीही मला तिथेच पाहिलं आहे, तेव्हा हा मुद्दा इथेच सोडतो. पण सव्वादोन तासांत एकानेही विचारलं नाही, की बंदर रस्त्यावरच्या किती खांबांवर दिवे लागतात. त्या इमारतीत गाड्या लावायला जागा किती आहे, तिचं सांडपाणी कुठे जाणार आणि रात्रीच्या रिकाम्या बाटल्या सकाळी कोण उचलणार, हेही कुणी विचारलं नाही.

मुळात या सभेच्या हो-नकाराला कायद्यात फारसं वजन नाही. परवाना देणं, तो दुसऱ्याच्या नावे करणं, त्याची जागा बदलू देणं, सगळं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली चालतं. दारूच्या करावर ज्या राज्याची तिजोरी भरते, त्या राज्यात कायद्याचं नाव अजून दारूबंदीचंच आहे. परमिट रूम हा शब्दही त्याच संसारातला. पिणाऱ्याकडे परमिट हवं. एका दिवसाचं देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जातो, जागेची पाहणी त्यांची माणसं करतात आणि फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात फिरते. नगर परिषदेने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन काही ठरवलंच, तर १९६५ च्या नगर परिषद कायद्याचं कलम ३०८ आहे. जिल्हाधिकारी त्या ठरावाची अंमलबजावणी तहकूब करू शकतात.

नगरसेवकांना हे सगळं पाठ आहे, म्हणूनच जीभ सैल सुटते. ज्या निर्णयाचा जाब आपल्याला द्यायचा नाही, त्यावर भाषण करणं सोपं असतं. विरोधाचा ठराव करायचा, त्याचा फोटो वॉर्डातल्या ग्रुपवर टाकायचा, आणि उद्या बार सुरू झाला की हात वर करायचे. आम्ही तर विरोध केला होता, वरून मंजुरी आली. दोन्ही बाजूंची मतं शाबूत.

माझं म्हणणं असं, की दारू चांगली की वाईट यावर सभेने बोलूच नये. बार चालू राहणार की बंद होणार हा वाद इथे नाहीच. तो आहेच आणि राहणार आहे. तो एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत जातोय. तेव्हा प्रश्न त्या दुसऱ्या गल्लीचा आहे, आणि बार हलवण्याच्या सगळ्या व्यवहारात तिला विचारायची पद्धतच आपल्याकडे नाही.

आमच्याकडे नाव बदलणं आणि जागा बदलणं या दोन गोष्टी एकाच वाक्यात गुंडाळल्या जातात. म्हातारा मालक थकला, मुलं मुंबईला, धंदा दुसऱ्याने घेतला, गल्ल्यावर नवं माणूस बसलं. यात शेजाऱ्याचं काय गेलं? फार तर रात्री भांडण झालं तर कुणाला हाक मारायची, एवढं त्याला कळायला हवं. जागा बदलते तेव्हा गोष्टच वेगळी. जुन्या गल्लीने अठरा वर्षांत बारशी जुळवून घेतलेलं असतं. कुठल्या वेळी मुलींना एकटं पाठवायचं नाही, कुणाच्या पडवीत कोण झोपून जातो, कोणता गिऱ्हाईक नुसता ओरडतो आणि कोणता खरंच हात उगारतो, हे तिला माहीत असतं. नव्या गल्लीला यातलं काहीच माहीत नसतं. कागदाच्या हिशेबी तो जुनाच परवाना, तिच्या हिशेबी कोरा करकरीत नवा बार.

कायद्याच्या नजरेत परवाना म्हणजे सरकारने दिलेली सवलत. दारूचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा सोडून अनेकदा सांगितलं आहे. बाजारात मात्र परवाना शेतजमिनीसारखा बोलला जातो. ‘त्याच्याकडे एक लायसन आहे,’ असं आपण म्हणतो ते एखाद्याची आमराई आहे त्या सुरात. वाइन शॉपचे आणि देशीच्या दुकानांचे नवे परवाने सरकारने जवळपास अर्धं शतक दिलेले नाहीत, त्यामुळे आहेत तेच हातोहात आणि गावोगाव फिरतात. परमिट रूमचं तसं नाही, तिथे नवा परवाना मिळतो. पण चालत्या बारचं लायसन, गिऱ्हाईक आणि ओळखी एकगठ्ठा मिळत असतील तर नव्याच्या वाटेला कोण जाईल? जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचा कर वाढवला, त्याच निर्णयात वाइन शॉप आणि परमिट रूम भाडेकराराने चालवायला द्यायची मुभाही दिली, वार्षिक शुल्कावर अनुक्रमे १५ आणि १० टक्के जादा भरून. म्हणजे कागदावर एक आणि गल्ल्यावर दुसरा, हे आधी कुजबुजत चालायचं, त्याला आता दर लागला. माझी त्याला हरकत नाही. चोरून चालण्यापेक्षा पावती फाडून चाललेलं बरं. फक्त एवढी हलती वस्तू असेल, तर ती ज्याच्या दारात येऊन उभी राहते त्याचंही काही म्हणणं असणार, हे त्या हिशेबात कुठे धरलंय?

कोकणात दारूचा परवाना पूर्वी हलत नसे, कारण तो झाडाला बांधलेला होता. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला त्या काळात माडीवरचा, म्हणजे माडाच्या रसाच्या दारूवरचा, कर झाडामागे होता. अमुक माड माडीसाठी लावला, त्याचे इतके द्या. भंडारी समाजाचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा त्या कराखाली पिचला, ती वेगळी आणि दुःखाची कथा आहे. त्या कराचं कौतुक मला करायचं नाही. पण माड काही उठून दुसऱ्या वाडीत जात नसे. माडी कुणाच्या आगरातली, काढणारा कोण, पिऊन बांधावर लवंडलेला कोण, सगळं त्या वाडीच्या डोळ्यांसमोर. पिणाऱ्याला लाज होती ती ओळखीची होती. ही ओळख हलत्या परवान्यात उरत नाही.

परवाने किती वेगाने हलू शकतात ते मुंबई-गोवा महामार्गाने दाखवलं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करायला सांगितलं. मार्चअखेर वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटरवर आलं. जुलैत न्यायालयाने स्पष्ट केलं, की नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी लागू नाही. पुढच्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतींच्या भागाचा निर्णय राज्यांवर सोडला गेला. हेतू होता मद्यपी चालकांचे अपघात टाळायचा आणि तो योग्यच होता. पण त्या सव्वा वर्षात महामार्गाकडेच्या बारवाल्याने काय करायचं? शटर ओढून बसायचं, नाहीतर आतल्या रस्त्याला जागा बघायची. चिपळूण, कणकवलीसारख्या महामार्गाला चिकटलेल्या गावांत नगर परिषदेची वा नगर पंचायतीची हद्द म्हणजे एकाएकी सोन्याची रेघ झाली. ज्या आतल्या रस्त्यांवर जागा शोधली जात होती, तिथल्या घरांना कुणी विचारलं होतं का? त्या सगळ्या सुनावण्यांत महामार्ग होता, चालक होता, परवानाधारक होता. आतली वाडी नव्हती.

आता टेपची गोष्ट सांगतो, कारण सगळी प्रक्रिया त्या टेपवर येऊन थांबते. शाळा आणि देवस्थानापासून बार अमुक अंतरावर हवा असा नियम आहे. बंदर रस्त्यावर एका दुपारी दोघे जण मोजायला आले. तिसरं माणूस नव्हतं, म्हणून टेपचं टोक शाळेच्या फाटकाशी धरायला सातवीतला एक पोरगा पुढे झाला. अंतर सरळ रेषेत धरत नाहीत, माणूस चालतो त्या वाटेने धरतात, एका दाराच्या मध्यापासून दुसऱ्या दाराच्या मध्यापर्यंत. टेप गटाराला वळसा घालून गेला, पाणंदीच्या तोंडाशी वळला, विजेच्या खांबाला अडला, सोडवून पुन्हा ताणला. अंतर भरलं. वर थोडं उरलंसुद्धा. पोरगा खूश होता, मोजणीच्या साहेबांनी त्याला शाबासकी दिली होती.

मग वाटेतल्या घुमटीचा प्रश्न निघाला. ती अगदीच जवळ आहे, बारच्या दारातून दिसते. पण नियमातलं देवस्थान म्हणजे नोंदणीकृत न्यासाच्या ताब्यातलं, आणि घुमटीतल्या आमच्या राखणदार देवाने कधी न्यास नोंदवलेला नाही. एका म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं, ‘तेका काय अडचण नाय. तेका अवसेक कोंब्याबरोबर दारूच लागता.’ मोजणारे हसले, आम्हीही हसलो. पण त्या हसण्यात नियमाचं पोकळपण उघडं पडलं होतं. ज्याला कागद आहे त्याच्यापासून अंतर मोजायचं. ज्या घरांच्या ओट्यासमोर रात्री गाड्या लागणार, त्या घरांपासून एक फूटही मोजायचा नाही.

हीच गोष्ट सोसायटीच्या ना हरकतीची. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत सांगितलं, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात दारूचं वा बिअरचं दुकान काढायचं तर सोसायटीचा ना हरकत दाखला लागेल. पुण्या-ठाण्याला ठीक आहे. आमच्याकडे सोसायट्या कितीशा? आमच्याकडे वाडी आहे. चिऱ्याची सुटी घरं, मध्ये आगर, दगडी गडगे, पायवाटा. वाडीला चेअरमन नसतो, शिक्का नसतो, लेटरहेड नसतं. तिची बैठक देवळात भरते आणि त्या बैठकीची नोंद कुठल्याही कार्यालयात जात नाही.

मग कुणी म्हणेल, मतदान आहे की! आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या २५ टक्के महिला किंवा एकूण मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान होतं. आडवी बाटली की उभी बाटली. आडव्या बाटलीने राज्यात कित्येक दुकानं बंद पाडली आहेत, आणि ती बायकांनी पाडली आहेत. पण बंद करायला लागतात ते झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हेत, यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून जास्त. ही अट ज्याने लिहिली त्याने कोकणातली मतदार यादी पाहिली नसावी. आमच्या यादीतली किती नावं विरार, नालासोपारा, डोंबिवलीला राहतात ते गणपतीच्या गाड्या भरतात तेव्हा समजतं. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं तशीच, गेलेल्या माणसांचीही तशीच. मतदान चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ठेवलं तरच हा आकडा गाठता येईल. इथे रोज राहणाऱ्या सगळ्या बायका एका रांगेत उभ्या राहिल्या, तरी न आलेल्या प्रत्येकीचं वजन उभ्या बाटलीच्या बाजूने पडतं. शिवाय हे सगळं बार सुरू झाल्यावर. आधी येऊ द्या, मग हाकला.

एवढं लिहिल्यावर मी बारच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. नव्या जागेला सरसकट नकार द्यावा हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण बांद्याच्या, म्हणजे गोव्याच्या सीमेच्या, दिशेला आहे. वर्तमानपत्र उघडलं की आठवड्याला एकदा तरी ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी असतेच. तिथल्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर जेवढी पकडली जाते तेवढीच येत असेल असं समजायला आपण काही कुक्कुली बाळं नाही. इकडे कर वाढला की तिकडच्या बाटलीतला नफा वाढतो. परवान्याचा बार नाकारला तर ती बाटली कुणाच्या तरी मांगरात, शेतावरच्या खोपटात, येणार. तिथे बंद व्हायची वेळ नसते, वयाची चौकशी नसते, तक्रार करायला पाटीही नसते. १९९७ पासून आमचा सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणवतो. येणारा पर्यटक पिणार आहे. भिंतींच्या आत बसून प्यायला तर त्याच्या बाटल्या पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत, तरी फुटणार नाहीत. सकाळी रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या पायांचा विचार केला तर ही लहान गोष्ट नाही. आणि चंद्रपूरचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. २०१५ मध्ये जिल्हाभर बंदी आली, २०२१ मध्ये सरकारनेच ती उठवली.

म्हणून नकारापेक्षा अटी घालाव्यात, आणि अटी घालायला नगर परिषदेला उत्पादन शुल्क खात्याचा एकही अधिकार उसना घ्यावा लागत नाही. इमारतीचा वापर कसला मंजूर आहे ते तिच्या दप्तरात आहे. पार्किंगची जागा नकाशात दाखवली आणि बांधकामात गिळली का, हे तिने बघायचं. सांडपाण्याची टाकी, रस्त्यावर आलेली पत्र्याची शेड, कचरा, दिवे, सगळं तिचंच. मी जुन्या बारच्या मागे राहतो. माझ्या गडग्याचा मुतारी म्हणून अठरा वर्षं वापर झाला. लोकांनी देवाच्या टाइल बसवायचा सल्ला दिला. देवाला त्या कामावर ठेवणं काही मनाला येईना. मी कोपऱ्यावर एक दिवा आणि बारच्या आवारात गिऱ्हाइकांसाठी नीट मुतारी मागितली. अर्ज दिला, स्मरणपत्रं दिली. तीन नगराध्यक्ष झाले, मधली काही वर्षं प्रशासक होते. दिवा एकदा लागला, तोही शिमग्यात पालखी त्या वाटेने जाणार होती म्हणून. या अठरा वर्षांत बारविरोधी ठराव मात्र दोन झाले.

बंदर रस्त्यावर मासळी विकून परतणाऱ्या एका बाईला मी विचारलं, तुमचं काय म्हणणं? तिने डोक्यावरची पाटी उतरवून गडग्यावर ठेवली. म्हणाली, ‘बार खंयव करा. पण रातचा मी ह्या वाटेन येतंय, तां ध्यानात ठेवा.’ सभेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा हे म्हणणं नेमकं होतं. तिला दारूबद्दल मत विचारलं असतं तर तिने तेही दिलं असतं, नवऱ्यावरून बरंच दिलं असतं. पण तिला त्या वाटेने यायचं होतं, आणि ती वाट नगर परिषदेच्या मालकीची आहे.

सरकारच्या बाजूनेही थोडं हलायला हवं. परवान्याची जागा बदलते तेव्हा तो अर्ज नव्या परवान्याइतकाच कडक तपासावा. नियोजित जागेच्या दर्शनी भागावर ठळक मराठीत महिनाभर पाटी लावावी, इथे काय येणार आहे, कोण आणणार आहे, हरकत कुठे नोंदवायची. आणि सुनावणी त्या गल्लीत घ्यावी, रविवारी, बायकांना सोयीच्या वेळी. कामाच्या दिवशी अकरा वाजता ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, बोलावलं, तर पहिल्या एसटीने निघून एक दिवसाची मजुरी बुडवून हरकत मांडायला कोण जाणार? जाणार तो वकील असलेला परवानाधारक, किंवा त्याच्याशी धंद्याचं वैर असलेला दुसरा परवानाधारक. गावच्या नावाने येणाऱ्या कित्येक हरकती पलीकडच्या बारवाल्याने लिहून घेतलेल्या असतात, हे उघड गुपित आहे. वाडीच्या बैठकीचा कागद, साध्या वहीच्या पानावर सह्यांनिशी आला तरी, सोसायटीच्या दाखल्याइतकाच धरायला काय हरकत आहे?

त्या दिवशी सभेत मी एक चिठ्ठी पुढे पाठवली होती. विरोधाच्या ठरावाऐवजी एवढं लिहा: पार्किंग मोकळं केल्याशिवाय, आतली मुतारी बांधल्याशिवाय आणि बाटल्या उचलायची लेखी व्यवस्था केल्याशिवाय नगर परिषदेची हरकत राहील, आणि शाळेपासून बंदरापर्यंतचे दिवे नगर परिषद स्वतः दोन महिन्यांत लावील. चिठ्ठी हातोहात अध्यक्षांच्या टेबलापर्यंत गेली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि चिठ्ठी घडी करून बशीखाली ठेवली. शेवटच्या वाक्याने घात केला असावा. मग सूचक उभे राहिले, अनुमोदक उभे राहिले, बाकं वाजली. ठराव सर्वानुमते.

बाहेर पायरीवर घुमटीजवळचा तोच म्हातारा बसला होता.

‘काय झाला?’

‘विरोधात ठराव झाला.’

‘बरा झाला,’ तो म्हणाला आणि काठी टेकत उठला. ‘मगे, चालू कधी होतलो?’